पावणेदोन महिन्यांचा गिझर

रोज सकाळी साडेसातला मी न्हाणीत शिरतो, कडी लावतो आणि पहिला तांब्या अंगावर पडताच माझ्या घशातून तान निघते. तरुणपणी गावच्या गणपतीत मी राजाची कामं केली. पुढं राज्य गेलं, मुकुटाचा पुठ्ठा उंदरांनी खाल्ला, आवाज तेवढा राहिला. हा आवाज थंड पाण्यात निघत नाही. त्याला वाफ लागते. म्हणून धाराशिवात घर बांधलं तेव्हा देवघराच्या आधी मी गिझरची जागा नक्की केली होती. बायको हे अजून विसरलेली नाही.

माझी आई अणदूरहून आमच्याकडं राहायला आलेली. ती गिझरला हात लावत नाही. सकाळी गच्चीवर दोन बादल्या उन्हात ठेवते आणि दुपारी त्याच ऊन पाण्यानं न्हाते. बायको एका बादलीत उरकते. म्हणजे गिझर जवळजवळ माझ्या एकट्याचा. हे उघड बोलून दाखवायची गरज नव्हती, पण मी ते चारचौघांत अभिमानानं सांगत असे. पुढं तेच अंगलट आलं.

गेल्या पौषात एका दुपारी मी कॉलेजच्या ऑफिसातून जेवायला घरी आलो. पाटावर बसलो. बायकोनं ताट पुढं ठेवलं. ताटात भाकरी नव्हती, विजेचं बिल होतं.

"आधी जेवायला तरी वाढ," मी म्हणालो.

"तेच वाढलंय. खावा."

आकडा बघून माझी भूक गेली. तरी मी हार मानणारा नव्हे. मी बोट स्वयंपाकघराकडं केलं. "आणि तो सिलिंडर? परवाच आणला असं वाटतंय आणि आज पुन्हा दारात नवा!"

"सिलिंडरवर तुमचंच पोट भरतं. गिझरवर काय भरतं? शेजाऱ्यांचे कान."

ती म्हणाली, गिझर काढून टाकू. तिचा भाऊ तुळजापूरला नवं घर बांधत होता, त्याला उपयोगी पडेल. मी पाटावरून उठलो आणि छातीवर हात ठेवून दोन पावलं मागं सरलो. मागं कोठीचं दार होतं, त्यामुळं प्रवेशाचा परिणाम थोडा कमी झाला.

वाद वाढायला लागला तशी आई खोलीतून बाहेर आली. "भांडताय कशाला? लिवून काढा की."

हे फक्त अणदूरची बाईच म्हणू शकते. आमच्या गावचा खंडोबा दोन गावांचा. सव्वादहा महिने तो अणदुरात राहतो आणि ऐन थंडीचे पावणेदोन महिने नळदुर्गला. दर वेळी देव निघायचा झाला की दोन्ही गावांचे मानकरी बसतात, कधी न्यायचा, कधी परत आणायचा याचा करार लिहितात, वाचून दाखवतात आणि मगच पालखी हलते. देवाशीसुद्धा आम्ही तोंडी बोलत नाही. अशा गावात जन्मलेल्या माणसाला घरातल्या भांडणावर दुसरा उपाय सुचायचा कसा?

वहीचं पान फाडलं. आईनं सांगितलं, मी लिहिलं. वीज माझ्याकडं, गॅस बायकोकडं. कुणी दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. पुढचं बिल अर्ध्यावर आलं नाही तर गिझर मेहुण्याला. महिनाभर पुरणारा सिलिंडर दीड महिना पुरला नाही तर बायकोनं आठवडाभर रोज न्हाणीच्या दाराशी बसून माझ्या प्रत्येक तानेला "वाहवा" म्हणायचं. हे शेवटचं कलम ऐकून बायकोचा चेहरा पडला. आईनं साक्षीदार म्हणून सही केली आणि पान देवघरात खंडोबाच्या टाकाखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात काहीतरी गुप्त सुरू झालं. सासू-सून कुजबुजायच्या, मी गेलो की गप्प. एका संध्याकाळी मी थंडीत कुडकुडत घरी आलो. कोपऱ्यातल्या लाकडी पेटीत आईची जाड वाकळ गुंडाळून ठेवलेली दिसली. जुन्या लुगड्यांची ती वाकळ म्हणजे माझ्या लहानपणीची ऊब. मी ती ओढली.

"आरं आरं आरं! हळू! त्यात वरण निजलंय!" आई ओरडली.

उशीर झाला होता. पातेलं कलंडलं आणि कोमट पिवळं वरण माझ्या पायजम्यावरून खाली उतरलं.

"आत्याबाई, बघा," बायको म्हणाली, "लग्नानंतर यांना आज पुन्हा हळद लागली."

असा प्रकार होता. डाळ दोन तास भिजवायची, गॅसवर एक उकळी आणायची आणि झाकण घट्ट लावून पातेलं वाकळीत गुंडाळून ठेवायचं. आतल्या आत ती शिजते, गॅसला पत्ताही लागत नाही. गावाकडं सरपण ओलं असलं की आई हेच करायची. त्याशिवाय आठवड्यातून एकदाच तवा तापवून कडक भाकरीची चळत करून ठेवायची, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ तवा तापवायला नको. शेंगाची चटणी, दही आणि ती कुरकुरीत भाकरी. मी तक्रार करायला तोंड उघडलं आणि ते भरलेलंच निघालं.

तिकडं माझी मोहीम अशी गुप्त नव्हती. मी ती गाजावाजा करून चालवली. बैठकीतला मोठा दिवा काढून छोटा लावला. टीव्ही बंद झाला की भिंतीवरचा खटकाही बंद करायचा, असा हुकूम काढला. आई जपमाळ घेऊन बसली की मी दिवा घालवायचो. देवाचं नाव अंधारातही घेता येतं.

"मी काय चोर हाय का रं, आंधारात बसाया?" आई म्हणायची.

"महिनाभरच, आई."

"आन् मग पडले म्हंजी? हाड मोडल्यावर कंचं बिल भरशील?"

पंधरा दिवस झाले. एका रविवारी दुपारी मी ठरवलं, आता पुरावाच बघायचा. घरातलं सगळं बंद केलं. फ्रिजसुद्धा. मग बाहेर जाऊन मीटरसमोर उभा राहिलो. मीटरवरचा लाल दिवा टिमटिमायचा थांबला. मी विजयी मुद्रेनं मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात दिवा पुन्हा टिमटिमायला लागला. मग थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू.

मिशीवरचा हात खाली आला. चोरी! आमच्या तारेवर कुणीतरी आकडा टाकला होता. भिंतीवरून जाणाऱ्या वायरचा माग काढत मी शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत पोचलो आणि जुन्या राजाच्या आवाजात गरजलो, "कोण आहे तो वीजचोर? समोर ये!"

बायको मेथीची जुडी हातात घेऊन बाहेर आली. "हळू. जेवतायत ते बिचारे."

"आपलं घर लुटलं जातंय आणि तू मेथी निवडतेस?"

"सगळे खटके बघितले?"

"सगळे!"

"न्हाणीबाहेरचा, गिझरचा?"

मी तिच्याकडं बघितलं. ती मेथीकडं बघत होती. आत गेलो. गिझरचा लाल दिवा लागलेला. नळ सोडला तर हात भाजला. दुपारचे दोन वाजले होते, आंघोळ करणारं कुणी नव्हतं, आणि गिझर पाणी तापवतोय, निवलं की पुन्हा तापवतोय, रात्रंदिवस, इमानी घरगड्यासारखा.

"हे कुणी केलं?" मी दोघींना विचारलं.

बायको हसायला लागली. आईनं माळ खाली ठेवली. "दुसरं कोन? तूच. तू न्हाऊन भाईर येतूस, टावेल गुंडाळतूस आन् जाता जाता खटका दाबून चालू करतूस. रोज बघते मी. तुज्या बापाची खोड हाय ती."

आणि मला एकदम विहिरीवरची मोटार आठवली. आमच्या शेतात लाईट कधी येईल याचा भरवसा नसायचा. दिवसा, पहाटे, कधीही. म्हणून मोटारीचा खटका कायम चालूच. लाईट आली की मोटार आपोआप पाणी उचलायची. खटका बंद करणाऱ्याची ज्वारी कोरडी राहते, असं वडील म्हणायचे. लहानपणापासून माझ्या हाताला खटका फक्त चालू करायचं शिक्षण मिळालं होतं. शहरात येऊन तीस वर्षं झाली, लाईट क्वचित जाते, तरी उद्या पाणी गरम मिळेल की नाही या धास्तीनं हात आपला जाऊन खटका दाबून येत होता. मला विचारायचीही त्याला गरज वाटत नव्हती.

"तुला माहीत होतं, मग सांगितलं का नाहीस?" मी बायकोला विचारलं.

"दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. करार आहे."

उरलेले पंधरा दिवस मी डोळ्यात तेल घालून गिझर बंद ठेवला. बिल आलं. उतरलं होतं, चांगलंच उतरलं होतं, पण अर्ध्यावर नव्हतं. सिलिंडर मात्र हलवला तरी अजून जड लागत होता. "वाहवा" माझ्या नशिबी नव्हतीच.

फाल्गुनात मेहुणा मोटारसायकलवरून आला. सोबत पाना आणि गिझर बांधून न्यायला दोरी. मी न्हाणीच्या दारात उभा राहिलो आणि गिझरला उद्देशून निरोपाचं भाषण सुरू केलं. मेहुणा शिडीवर अवघडून उभा. "दाजी, जरा सरका की. नट काढायचाय."

मी सरकलो. पान्याचा पहिला आवाज आला आणि माझं भाषण अर्ध्यावरच राहिलं. यापुढं सकाळी साडेसातला थंड पाणी, आणि गप्प तोंड.

तेवढ्यात आई म्हणाली, "पाव्हणं, थांबा वाईच."

मेहुणा थांबला.

"दोन गावाला येकच देव, तर भांडन झालं न्हाय का? झालंच आसंल. मग काय देव फोडून वाटला? मुक्काम ठरवून दिला. ह्याचंबी तसंच करा. थंडीचे पावणेदोन म्हैने गिझर हितं. बाकी सव्वादहा म्हैने पाव्हण्याकडं."

मेहुण्यानं पाना खाली घेतला. "म्हणजे मावशी, भर उन्हाळ्यात मी गरम पाण्यानं आंघोळ करू? अन् थंडीत पुन्हा इथं आणून टांगू? नको रे बाबा! ऱ्हाऊ द्या तुमचा देव तुमच्याकडंच."

तो शिडीवरून उतरला. वाकळीतलं वरण आणि कडक भाकरी पोटभर जेवला, दोन डझन भाकरी दोरीनं बांधून घेतल्या आणि गेला. मग बायकोनं नवं पान फाडलं. गिझर भिंतीवर राहील. देव नळदुर्गला आहे तोवर चालू, देव अणदूरला आला की बंद. खटक्याचा ताबा तिच्याकडं.

उन्हाळाभर मी संध्याकाळी ऑफिसातून आलो की आईच्या बादल्यांशेजारी माझ्या दोन बादल्या असायच्या. गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा केला. धाराशिवच्या उन्हात तापलेल्या पाण्याला गिझरची सर येते, आणि वर आकाश मोकळं असल्यानं तान लांब जाते. इतकी लांब, की तिसऱ्या गल्लीतून एकदा निरोप आला, लेकरं अभ्यासाला बसलीत.

मग थंडी आली. मी रोज गावाकडं फोन करून देव कधी निघणार ते विचारत होतो. शेवटी एका सकाळी बायकोनं खटका दाबला. वाफ आली, तान आली, सगळं आलं. टॉवेल गुंडाळून बाहेर पडलो आणि सवयीनं हात खटक्याकडं गेला. बोटांना कागद लागला. तिनं करार बरोबर खटक्यावर चिकटवला होता, खाली आईची वाकडी सही.

मी कागद उचलून पाहिला. कागदाखालचा खटका तिनं आधीच बंद केलेला होता. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "वाहवा!"