जागा धरणारी माय

तारीख: मे महिन्यातला एक रविवार, सकाळ. ठिकाण: रिसोडचा बसस्टँड. हजर: मी, अकोल्याला सासरी परत निघालेली माझी मुलगी मेघा आणि नणंद कमलताई. गैरहजर: हे (दुकान उघडं होतं).

मी निर्विकार बाई आहे. हा शोध कमलताईंचा. त्या शाळेत मराठी शिकवायच्या, त्यामुळे नुसता शब्द सांगून थांबत नाहीत, वाक्यात उपयोगही करतात. मेघाच्या पाठवणीला सगळा मांडव रडत होता आणि मी ‘टेम्पोत कपाट आडवं टाकू नका’ म्हणून ओरडत होते. तेव्हापासून त्यांचं वाक्य ठरलेलं: “लेक चालली, पन वहिनी निर्विकार.” मी शब्दकोश काढून पाहिला. ज्याच्या मनावर कशाचाच परिणाम होत नाही, तो. (मग कपाट कोणी सांभाळायचं?)

मेघा त्यावर कधी बोलली नव्हती. पण या माहेरपणात तव्यावरची पोळी उलटता उलटता तिनं विचारलं, “आई, मी गेल्यावर तुले करमते का वं?”

“कामं काय कमी असतात?” मी म्हटलं. पोळी जरा करपली.

म्हणून ठरवलं, यावेळी निघताना लेकीला जवळ घ्यायचं आणि रडायचं. माझा फोन फोटोसाठी कमलताईंकडे दिला. पण त्यांनीच आधी डोळ्याला पदर लावला आणि मेघा त्यांच्या गळ्यात पडली. माझा नंबर येणार, तोच अकोला गाडी लागली आणि सगळा स्टँड दाराकडे धावला.

आता लेक अकोल्यापर्यंत उभी जाणार? मी खिडकीतून रुमाल टाकला, तिची पिशवी घेऊन कोपरानं वाट काढत आत शिरले. रुमालावर एक बाबा बसलेले.

“बाबा, उठा. रुमाल आमचा आहे.”

“रुमालाले बसाले एवढी जागा लागते काय?”

हा वाद मी जिंकले. तोवर गाडी स्टँडबाहेर पडली होती.

“मावशी, कुठचं तिकीट?” कंडक्टरनं विचारलं.

“मले कोठी जायचं नाही. मी जागा धरून राह्यली.”

“कोनासाठी?”

मागे पाहिलं. मेघा अजून आत्याच्या गळ्यात होती.

कंडक्टरनं मला पुढच्या फाट्यावर उतरवलं. परतीची जीप शोधत उभी होते, तर मागची अकोला गाडी आली. मला गाठायला मेघा तिच्यात बसली होती. खिडकीजवळची जागा, कोणी न धरता मिळालेली. मी हात केला, पण गाडी थांबली नाही. ती काहीतरी म्हणाली, ते वाऱ्यावर गेलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिचा हात बाहेर होता.

मग मी रडले. भर उन्हात, पिशवी पोटाशी धरून.

“काहून रडता बाई? गाडी चुकली काय?” रसवंतीवाल्यानं विचारलं.

“चुकली नाही भाऊ. गेली.”

संध्याकाळी मेघाचा फोन आला. “आई, पोचली मी. आत्या म्हने, रडाच्या टायमाले तू बशीत जाऊन बसली.” ती हसत होती. फाट्यावरचं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हटलं, “पिशवी राहिली तुझी. कुरडया मऊ पडतील.”

“बरं,” ती म्हणाली. मग फोन ठेवला.

पिशवी दुसऱ्या दिवशीच पाठवली. मी रडले, हे तिला सांगायचं मात्र अजून राहिलंय. रसवंतीवाला साक्षीदार आहे, पण इतक्या व्यवस्थित बाईनं त्याचं नाव विचारलं नाही.