सोडत उद्या हाय!

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात एसटी स्टँडजवळ माझा लॉटरीचा स्टॉल होता. तिकीट घेणारा घेऊन निघून जायचा. पण ही सरकारी लॉटरी आतून कशी 'फिक्स' असते हे सांगणारे बाकड्यावरून हलायचे नाहीत! आधी मी हसायचो. पण असल्या गोष्टी इतक्या साठत गेल्या, की हसताना एकदा मागं वळून बघायची सवय लागली.

*

कुरुंदवाडचे मगदूम अण्णा कोर्टाच्या कामाला आले की स्टॉलवर हजर. त्यांचं ठाम मत, "मोठं बक्षीस न विकलेल्या तिकिटालाच लागतंय. सरकारचा पैसा सरकारच्या घरात!"

एकदा म्हणाले, "कुणी घेईना असलं तिकीट दाव."

मी दाखवलं. अण्णांनी पाकीट काढलं आणि थबकले. "नको. मी घेतलं की ते विकलं गेलं. मग कशाला लागतंय?"

ते तिकीट मी उरलेल्या गठ्ठ्यातनं एजंटकडं परत पाठवलं. निकाल आला. तोच नंबर!

वाटलं, अण्णा कपाळ बडवून घेणार. अण्णा माझ्या कानाला लागले. "म्हंजे त्यांनी आपलं बोलणं ऐकलं."

त्यानंतर अण्णा माझ्या स्टॉलवर फक्त खुणेनं बोलायचे.

*

बापू रिक्षावाल्याचा संशय वेगळाच. पेपरात विजेत्यांचे फोटो यायचे. "माणूस एकच हाय भाऊ! नाव बदलत्यात, गाव बदलत्यात."

एक विजेता मलकापूरचा निघाला. बापूनं फोटोचं कात्रण खिशात घातलं आणि गेला शोधायला. तिथल्या चहावाल्याला काही विचारणार, तोच तो ओरडला, "आला की! पेढं कुठायत?"

माणसं गोळा झाली. पाठीवर थापा पडायला लागल्या. बापू तिथनं कसाबसा निसटला.

आल्यावर त्यानं ते कात्रण माझ्यासमोर धरलं. "नीट बघ. मी हाय व्हय ह्यो?"

मी नीट बघितलं. मग बापूकडं बघितलं.

बापूनं दाढी वाढवली.

*

पुढं कॉम्प्युटरवरची लॉटरी आली. सुतारमामा म्हणायचे, "आपण कुठला नंबर घेतोय ते मशीन बघतंय, आणि नेमका तो टाळतंय." म्हणून ते आधी मॉनिटरवर टॉवेल टाकायचे, मग माझ्या कानात नंबर सांगायचे.

एक दिवस काही न घेता नुसते बाकड्यावर बसून राहिले. स्क्रीनवर नंबर आला आणि मामा ताडकन उठले. तोंड पांढरंफटक!

"काय झालं मामा?"

"हाच धरला होता. पण मनात."

टॉवेलसुद्धा न घेता गेले. परत आले नाहीत.

*

या सगळ्यांना वेड्यात काढणाऱ्या एकच. कांबळे सिस्टर, सरकारी दवाखान्यातल्या नर्स. ड्यूटी संपली की घरी जाताना स्टॉलवर दोन मिनिटं टेकायच्या. कागदी तिकिटं चालू होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी सिस्टर बसल्या होत्या आणि एक अनोळखी माणूस आला. तिकीट पुढं करून म्हणाला, "बक्षीस कुठं मिळतंय?"

मी तारीख बघितली. "पावणं, सोडत उद्या हाय!"

"चेष्टा करू नका. पहिलं बक्षीस लागलंय. सगळ्यांस्नी म्हाईत हाय."

"अजून काढलंच न्हाय, तर लागंल कसं?"

माणूस आमच्याकडं बघतच राहिला. मग तिकीट तिथंच टाकून गर्दीत शिरला. मी ते उचलून ठेवलं. सिस्टर हसून म्हणाल्या, "डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या."

दुसऱ्या दिवशी निकाल आला. पहिलं बक्षीस, तोच नंबर! मी तो दोनदा ताडून बघितला. सिस्टर हसल्या नाहीत. आम्ही त्या माणसाची वाट बघायचं ठरवलं.

दोन दिवसांनी, सिस्टर बसल्या असतानाच, तो दिसला. मी धावत जाऊन त्याला आणलं. "पावणं, लागलं की!"

त्यानं तिकीट उलटसुलट करून बघितलं. "माझं न्हवं हे. मी आजच पहिल्यांदा कोल्हापुरात आलोय." आणि सिस्टरांच्या हातात देऊन म्हणाला, "तुमच्याकडं असू दे, बाई." सिस्टरांनी ते पर्समध्ये ठेवलं आणि घरी गेल्या.

रात्रभर मला झोप नाही. सकाळी सिस्टर स्टँडातनं येताना दिसल्या. हातात मोठी पिशवी. मी वाटेतच आडवा गेलो. "सिस्टर, तिकिटाचं काय करायचं?"

"कसलं तिकीट?"

"अहो, काल पर्समध्ये घातलं ते! पहिलं बक्षीस!"

"भाऊ, बरं हाय न्हवं तुमचं? मी आठवडाभर मिरजेला भणीकडं गेलतो. ही काय आत्ता उतरतोय."

आणि पर्स उघडून त्यांनी माझ्या हातात तिकीट ठेवलं. एसटीचं. मिरज ते कोल्हापूर.