तिकिटात बांधलेल्या अक्षता

माझं आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंचं पटत नाही, असं आमच्या किन्हवलीकडं सगळ्यांना वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. मला काम झटक्यात हातावेगळं करायला आवडतं. त्यांना ते नीट झाल्याशिवाय झालं असं वाटतच नाही. त्या तांदूळ निवडायला बसल्या की मला वाटतं, आता हा खडा सापडेपर्यंत जेवण काही होत नाही. तरीही तुला कुणासारखं व्हायला आवडलं असतं असं कुणी विचारलं, तर मी त्यांच्याकडंच बोट दाखवीन. अर्थात त्या समोर नसताना.

हे मला कळलं ते कल्याण स्टेशनच्या पुलावर, तिकीट तपासायच्या कठड्यापाशी. मी रोज तिथूनच ये-जा करते. कल्याणला एका दवाखान्यात केसपेपर करायच्या खिडकीवर बसते. त्या दिवशी मात्र मी रजा घेतली होती, कारण ताईंच्या, म्हणजे या जाऊबाईंच्या, मुलीचं लग्न ठरलं होतं आणि ताईंना आपल्या भावाला आवतण द्यायला जायचं होतं.

आमच्याकडं हल्ली पत्रिका छापतात, त्या व्हॉट्सॲपवरही फिरतात. पण ते नुसतं कळवणं झालं. आवतण म्हणजे हळद लावलेल्या अक्षता, घरच्या माणसानं आपल्या पायानं जाऊन, समोरच्याच्या दारात, त्याच्या हातात दिलेल्या. आणि नवरीच्या मामाचं आवतण तर सगळ्यांत मोठं, कारण नवरीला मांडवात तोच घेऊन येतो.

या मामाची आणि ताईंची बोलाचाल बंद होती. ताईंच्या थोरल्या मुलाच्या लग्नात आमचे सासरे अंथरुणाला खिळलेले, घरात माणूसबळ नाही, म्हणून कल्याणला जाणाऱ्या एका नातेवाइकाच्या हाती, वाटेत देऊन टाक म्हणून, मामाची पत्रिका पाठवली गेली. मामा लग्नाला आलाच नाही. पत्रिका काय दुकानदारालापण देतात, बहिणीनं आवतान देलं नाय, असा त्याचा निरोप आला. त्यानंतर त्यानं आमच्या दारात पाऊल टाकलं नाही आणि ताईंनी त्याच्या. दिवाळीला भाऊबीज यायची. ताई ओवाळणीचं ताट तयार करायच्या आणि चंद्राला ओवाळून आत न्यायच्या. मी एकदा म्हटलं होतं, फोन करा आणि मिटवून टाका. त्या म्हणाल्या, चूक चालत जाऊन झाली नाय, म्हनून तर झाली. ती फोनवर कशी मिटंल?

तर आता चालत जायचं ठरलं. मामाची दुपारपाळी होती आणि कंपनीची बस बाराच्या सुमारास त्याच्या गल्लीच्या तोंडाशी यायची, एवढं आम्ही बाहेरून काढलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात हळदीची गडबड सुरू होणार होती. म्हणजे गाठायचा तो त्याच दिवशी, बाराच्या आत. सकाळीच एसटीनं शहापूर, तिथून रिक्षानं आसनगाव स्टेशन, पुढं लोकल. माझा पास होता. ताईंचं तिकीट काढून मी त्यांच्या हातात दिलं आणि जपून ठेवा म्हटलं. त्यांनी ते अक्षतांच्या बटव्यात ठेवलं. त्या दिवशी त्यांच्या लेखी त्याहून जपायची दुसरी जागा नव्हती.

फलाटावर त्यांना त्यांच्या माहेरची, मुरबाडकडची एक मैत्रीण भेटली. लहानपणी दोघी म्हसा गावच्या जत्रेत हात धरून फिरलेल्या. ती आता कल्याणलाच लेकाकडं राहते आणि गावाहून भाजीचं हे भलंमोठं गाठोडं घेऊन परत चालली होती. ताईंनी लग्नाचं सांगितलं, आणि मग त्यांना राहवेना. लेकाच्या घराचा पत्ता आपल्याला सापडायचा नाही, तेव्हा हिला इथंच अक्षता देऊ, असं म्हणून त्यांनी बटवा उघडला. मैत्रिणीचे दोन्ही हात गाठोड्याला. अक्षता फलाटावर सांडून पायदळी जायला नकोत, म्हणून ताईंनी बटव्यातल्या कागदाच्या चिठोऱ्यात चिमूटभर अक्षता घातल्या, वाण्यासारखी बेतशीर पुडी बांधली आणि मैत्रिणीच्या कमरेच्या पिशवीत स्वतः खोचली. मी तेव्हा गाडी कुठं लागते ते बघत होते. गाडी आली, आम्ही चढलो, मैत्रीण गाठोड्यापायी मागच्या सामानाच्या डब्याकडं गेली.

कल्याणला पुलावर त्या दिवशी तपासणी होती. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे लावून मधे एक चिंचोळी वाट ठेवलेली, तिच्या तोंडाशी काळा कोट घातलेली एक तरुण टीसी, आणि मागून माणसांचा लोंढा. मी पास दाखवून पुढं सरकले. मागं वळून बघते तर ताई बटव्यात बोटं घालून उभ्या. अक्षता चाळताहेत, कुंकवाची डबी काढताहेत, पुन्हा आत ठेवताहेत. एकदम त्यांची बोटं थांबली. चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना कळलंय.

“गो,” त्या मला म्हणाल्या, “पुडीला लावलेला कागद, ते तिकीट होतं.”

दुसरी बाई असती तर काहीबाही कारण सांगून मोकळी झाली असती. पडलं, हरवलं, कुणी खिसा कापला. ताईंनी टीसीला जे झालं ते झालं तसं सांगितलं, अगदी पुडी कशी बांधली त्यासकट. मागची माणसं हसली. एक जण म्हणाला, आज्जी, रोज नवीन गोष्ट ऐकायला मिळते इथं. ताई काही आज्जी नाहीत, पण त्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही. टीसी मात्र हसली नाही. तिनं शांतपणे सांगितलं, की मावशी, तुमचं खरं असेलही, पण मला तिकीट बघावं लागतं. नसेल तर दंडाची पावती फाडावी लागेल. त्यावर ताई म्हणाल्या की तुझं बरोबर हाय. आणि त्या कठड्याला टेकून बाजूला उभ्या राहिल्या.

मी परत आत आले, पर्स उघडली आणि म्हटलं, दंड भरू आणि निघू, अकरा वाजून गेलेत. ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात नांगराच्या मुठीसारखा आहे, सुटत नाही.

“मी तिकीट काढलंय. दंड भरला तर नाय काढलं असं होतं. भावाच्या दारात चोर ठरून जाऊ काय?”

मैत्रीण याच पुलावरून येईल, गाठोडं जड आहे, हळूहळू येईल, असा त्यांचा हिशेब होता. मला ठाऊक होतं की स्टेशनला दुसरे दोन पूल आहेत. गर्दी ओसरली, पुढची गाडी आली, पुन्हा लोंढा आला. मैत्रीण नाही. तिचा नंबर आमच्याकडं नाही. मी मुरबाडला ताईंच्या माहेरी फोन केला, तिथून कुणी तिच्या घरी पळालं, पण नंबर मिळेपर्यंत ती कुठल्या कुठं पोचली असणार. माझा जीव टांगणीला लागला होता. खरं सांगायचं तर मला ताईंचा संताप आला होता. ज्या भावासाठी इतक्या दिवसांनी घराबाहेर पाऊल टाकलं, तो चार गल्ल्यांवर बसलाय, आणि ही बाई कागदाच्या चिठोऱ्यासाठी इथं देवीसारखी उभी.

आणि तरी माझी नजर त्यांच्यावरून हलेना. येणारा-जाणारा त्यांना बघत होता. काठापदराची साडी, नाकात नथ, हातात बटवा, आणि तिकीट नाही म्हणून बाजूला काढलेली बाई. माझ्यावर ही वेळ आली असती तर मी मान खाली घालून भिंतीकडं तोंड केलं असतं. त्यांनी पदर नीट घेतला आणि समोर बघत राहिल्या. मधेच टीसीला विचारलं, सकाळपासनं उभी हायस, पानी प्यालीस काय? टीसीनं नाही म्हणून मान हलवली. ताईंनी पिशवीतली बाटली तिच्यापुढं धरली. ही लाच वाटेल अशी मला धास्ती. टीसीला तसं वाटलं नसावं, कारण ती प्याली.

मग मी ताईंना न विचारता एक काम केलं. पाणी आणते असं सांगून कठड्याच्या बाहेर गेले आणि घरच्या ग्रुपमधून मामाचा नंबर काढून त्यांना फोन लावला. रुसलेला माणूस असूनही त्यांनी तो ग्रुप सोडलेला नव्हता, हे मी फार पूर्वी बघून ठेवलं होतं. मी भडाभडा सगळं सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. मी मनात म्हटलं, झालं, आता तर तो बारा वाजायच्या आधीच निघून जाईल.

थोड्या वेळानं पुलाच्या जिन्यावरून कंपनीचा निळा शर्ट घातलेला, डब्याची पिशवी खांद्याला लावलेला एक माणूस वर आला. केस कानाशी पांढरे झालेले. मी मामांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, पण कपाळ हुबेहूब ताईंचं. ते कठड्याच्या बाहेर थांबले. ताई आत. मधे टीसी.

मग मामांनी खिशात हात घातला आणि टीसीला विचारलं, किती होतात.

“तू भरू नको,” ताई म्हणाल्या. “तुझ्याच पैशानं तुला आवतान देयाला येऊ?”

मामांचा हात खिशातच राहिला. मला वाटलं, हा माणूस आता पुन्हा रुसतो. मी घाईनं म्हटलं, ताई, ते समोर आहेत, अक्षता द्या आणि मोकळ्या व्हा, त्यांची बस जाईल. मला वाटतं, जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं हेच सांगितलं असतं. ताईंनी बटव्याची नाडी ओढून घट्ट केली.

“इथं नाय. याला वाटंवर दिलेलं आवतान एकदा झालं.”

हे त्या मला म्हणाल्या, पण ऐकलं मामांनी. त्यांनी बहिणीकडं पाहिलं, मग पुलावरच्या घड्याळाकडं, मग पुन्हा बहिणीकडं. फोन काढला आणि कुणाला तरी सांगितलं की आज पाळीला येत नाही, घरी पाहुणे हायेत. फोन खिशात टाकून ते ताईंना म्हणाले, “बाय, मी घरी जातो. दारात हाय मी. तू ये तुझ्या टायमानं.” आणि वळून जिना उतरून गेले. मागं बघितलं नाही.

मला काही उमगेना. इतका वेळ थांबून माणूस समोर आला आणि निघूनही गेला. ताई मात्र तो जिना दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मग टीसीकडं वळल्या.

“पोरी, फाड माझी पावती.”

टीसी गोंधळली. ती म्हणाली, मावशी, अजून थांबायचं असेल तर थांबा, माझी हरकत नाही. ताई म्हणाल्या, नाय, आता मला टाइम नाय. स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून पैसे काढून दिले, आणि पावतीवर जे काय छापलेलं होतं ते न वाचता तिची घडी केली आणि ती बटव्यात न ठेवता मला दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतका वेळ माणसं हसली तेव्हा आलं नव्हतं.

त्या मैत्रिणीचा फोन आम्ही रिक्षात असताना आला, माझा नंबर तिला मुरबाडहून मिळाला होता. पुडी सोडून तिनं अक्षता देवापुढं ठेवल्या होत्या आणि कागद उलगडून कपाळावर हात मारला होता. तिकीट घेऊन परत येते म्हणत होती. ताईंनी तिला सांगितलं, राहू दे, लग्नाला ये म्हणजे झालं.

मामाचं घर चाळीत, तळमजल्यावर. ते खरंच दारात उभे होते. बसायला स्टूल होतं, त्यावर बसले नव्हते. डब्याची पिशवी अजून खांद्यालाच. मामींनी आमच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ताई उंबऱ्याशी थांबल्या. आपल्यापेक्षा धाकट्या, पण आता म्हाताऱ्या दिसणाऱ्या त्या भावाकडं बघत त्यांनी बटव्याची नाडी सोडायला घेतली, तेव्हा मामांनी हळूच विचारलं की दंड भरलास काय. ताई भरला म्हणाल्या.

“कशाला? मी राहिलो असतो की उबा.”

“तुला इतकी वर्सं उबा ठेवला ना रे,” ताई म्हणाल्या. “आनखी किती ठेवू?”

मामांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.