करून घ्यावी

तिचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. चारला नाही, सव्वाचारलाही नाही. पाचला हजेरी असे, चौकी तिच्या घरापासून पस्तीस मिनिटं चालत, आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत ती मुलीचा डबा भरून, केस बांधून निघायची. बत्तीस वर्षं हीच वेळ. त्यातली एकोणीस वर्षं मी तिच्याबरोबर नगरपालिकेची हातगाडी ओढली. ती झाडायची, मी भरायचो.

चौकीवर तिला सगळे ‘तारीख’ म्हणत. कोण आपल्याशी कधी कसं वागलं, हे ती तारखेसकट सांगायची. आमच्या टोळीवरचा मुकादम एकदा तिला म्हणाला, “तुझ्यापेक्षा तुझा खराटा देखणा आहे.” सगळे हसले, ती हसली नाही. पाच वर्षांनी तो निवृत्त झाला. निरोपाच्या सभेत जो तो गोड बोलत होता. ही उभी राहिली, म्हणाली, “सव्वीस जूनला हे मला जे म्हणाले ते मी विसरलेले नाही,” आणि खाली बसली. मुकादमाला तर आठवतही नव्हतं.

आता नोटिशीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या नोटिशीमुळे झालं.

दरवर्षी मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की नगरपालिका प्रत्येक प्रभागासाठी एक नोटीस काढते. सुकी पानं पोत्यात भरून कोणत्या वारी बाहेर ठेवायची, फुटपाथवर आलेल्या फांद्या कोणी छाटायच्या, पाण्याच्या वेळा कधी बदलणार, असं त्यात असतं. पाचवं कलम गटाराचं. ‘रहिवाशांनी आपल्या हद्दीसमोरील गटाराची पंधरा एप्रिलपूर्वी सफाई करून घ्यावी.’ म्हणजे रस्ता आमचा, मोठा नाला आमचा, पण घरासमोरचं उघडं गटार घरवाल्याचं.

आमच्या पट्ट्यात कोपऱ्यावरचं घर सेक्रेटरीचं होतं. गल्लीच्या रहिवासी मंडळाचा तो सेक्रेटरी, म्हणून आम्हीही त्याला तेच म्हणायचो. अंगणात भलंमोठं झाड. त्याचा पाला पोत्यात भरायचा कंटाळा, म्हणून तो रबरी नळी लावून सगळं अंगण धुवायचा आणि पाला सरळ गटारात. चौदा पावलं लांब गटार. मी मोजलंय. मार्चअखेर ते काठोकाठ भरायचं. मग तो फाटकात उभा राहून हिला हाक मारायचा.

“ए बाई, नोटीस वाचलीस का?”

“वाचली साहेब.”

“पाचवं कलम काय म्हणतं? ‘करून घ्यावी.’ ‘करावी’ असं लिहिलेलं नाही. मी करून घेतोय. तुझ्याकडून.”

आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन आत जायचा. दरवर्षी तोच विनोद.

ते आमचं काम नव्हतं. पण त्याची तक्रार गेली की मेमो येतो, आणि मेमो खरा की खोटा हे वर कोणी बघत नाही. ती करायची. तिला अडीच तास लागायचे. चौदा पावलं भरलेल्या गटाराला अडीच तास म्हणजे फार चांगलं काम आहे. मला तीन लागले असते.

तिची मुलगी बारावीला होती, त्या वर्षीची गोष्ट. नर्सिंगच्या शाळेत अर्ज द्यायचा होता. अकरा मार्च शेवटची तारीख, खिडकी बाराला बंद. अर्जावर पालकाची सही तिथेच, कारकुनासमोर करायची होती, म्हणून हिला जाणं भाग होतं. हिने मुकादमाकडून दहाला सुटी मागून घेतली होती. पावणेदहाला सेक्रेटरीने हाक मारली. त्या वर्षी गटार लवकरच भरलं होतं, आणि वरून साहेब पाहणीला येणार होते.

“साहेब, आज नको. मुलीचा फॉर्म आहे. उद्या पहाटे येऊन करते.”

“उद्या साहेब येणार आहेत का? मग आज कर. नाही तर मी मुकादमाशी बोलतो, मग रोजच मोकळी होशील.”

मी म्हणालो, “तू जा, मी करतो.” तो म्हणाला, “तू गाडी हलव आधी फाटकासमोरून.” मला कोपऱ्यापलीकडे पाठवलं. मी गेलो. त्या दिवशी मी गेलो, हे तिने मला नंतर दोनदा सांगितलं, तारखेसकट.

तिने ते गटार दोन तास पाच मिनिटांत उपसलं. मी परत येऊन पाहिलं; तसं काम पुन्हा पाहिलं नाही. पायाला गाळ तसाच घेऊन धावली. बारा वाजून वीस मिनिटांनी पोचली. मुलगी बंद खिडकीसमोर उभी होती. आणि पाहणीला त्या दिवशी कोणी आलंच नाही.

मुलीचं एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, ती नर्स झाली, चांगली नोकरी लागली, लग्न झालं. सगळं रांगेला लागलं. पण ‘तारीख’ कसली विसरते.

ती मागच्या वर्षी निवृत्त झाली. तिसऱ्याच दिवशी प्रभाग कार्यालयात गेली. पाचव्या कलमावर तिला हरकत नोंदवायची होती. खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, “तुम्ही या प्रभागात राहता?”

“नाही. काम केलं इथे. बत्तीस वर्षं.”

“मावशी, काम केलेल्यांचं नाही चालत. नोटिशीवर सूचना फक्त रहिवाशांच्या. लाइट बिल लागतं.”

ती घरी आली आणि मुलीला फोन केला. मुलीने स्वतःच्या इमारतीत तिच्यासाठी घर बघून ठेवलं होतं. लिफ्ट, गॅलरी, खाली दवाखाना. निवृत्तीचे पैसे त्याला पुरत होते. हिने सांगितलं, मला ते नको, मी त्या पैशांत सेक्रेटरीच्या गल्लीत खोली विकत घेते.

मुलगी धावत आली. मीही त्या दिवशी तिथे होतो. “काका, तुम्ही तरी सांगा हिला,” मुलगी म्हणाली. “आई, मला त्या वर्षाचं काही वाटत नाही गं. खरंच नाही. मी तर विसरलेसुद्धा.”

“तू विसर. तुला कोण नको म्हणतंय?”

“मग कशासाठी हे?”

“वर्ष तुझं गेलं. धावले मी.”

मुलगी रडली. ही उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आली, पण बोललेलं मागे घेतलं नाही. प्रभागात कुठेही खोली चालली असती. तिने घेतली ती सेक्रेटरीच्या अगदी समोर, तळमजल्यावर. भिंतीला ओल, खिडकी गटाराकडे. दलालालाही आश्चर्य वाटलं. तो म्हणाला, “बाई, मागच्या बाजूची दाखवू का? तिथे वास येत नाही.” ती म्हणाली, “वासाची सवय आहे मला.”

फेब्रुवारीअखेर प्रभागाची सभा भरली. दरवर्षी भरते, पंधरा-वीस माणसं येतात, चहा पिऊन जातात. तिने मला सोबत नेलं आणि मागच्या बाकावर बसवलं. मी रहिवासी नव्हतो, मला बोलायचं नव्हतं. प्रभाग अधिकारी तरुण बाई होत्या. त्यांनी नव्या वर्षाचं सगळं वाचून दाखवलं. पाल्याची गाडी आता मंगळवारऐवजी गुरुवारी, फांद्या छाटायची परवानगी आता खिडकीवरच, कचऱ्याचे डबे सातच्या आधी बाहेर ठेवू नयेत. मग विचारलं, “कोणाची सूचना?”

ही उभी राहिली, हातात लाइट बिल. “पाचवं कलम. ‘करून घ्यावी’ काढा. ‘स्वतः करावी’ लिहा.”

पुढच्या रांगेतून सेक्रेटरी वळला. “ही? ही तर आमच्या गल्लीत झाडायची!”

“झाडायचे. आता राहते.” तिने बिल वर धरलं. “तुमच्या समोरच. खिडकी उघडली की तुम्हीच.”

लोक हसले. सेक्रेटरीने तब्येतीचं, वयाचं काढलं. म्हातारी माणसं काय गटारात उतरणार? ती त्याचीच वाट पाहत होती.

“बरोबर बोलले साहेब. आजारी माणसाला सूट द्या, दाखला बघून. आणि ज्यांना सत्तर पूर्ण झाली त्यांनाही सूट द्या. बाकीच्यांनी स्वतः. माणूस लावतात, तो घमेलं भरून शेजारच्या हद्दीत ओततो, आणि शिव्या झाडणारीला. स्वतः केलं की पाला गटारात कोण टाकेल?”

अधिकारी बाईंना ते पटलं. हात वर करा म्हणाल्या. सेक्रेटरीच्या खालच्या अंगाला राहणारे, ज्यांच्या दारात त्याचा पाला वाहत यायचा, त्या सगळ्यांनी हात वर केले. अकरा विरुद्ध चार.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “पण सत्तरची सूट कशाला दिलीस? तो सत्तरीचा दिसतो.”

“एकोणसत्तर. डिसेंबरात सत्तर. साठाव्या वाढदिवसाचा बोर्ड तुझ्याच गाडीत टाकला होता मी. तारीख होती त्यावर.”

“म्हणजे पुढच्या वर्षी तो सुटला.”

“एकच वर्ष पाहिजे मला,” ती म्हणाली.

मार्च उलटला. सेक्रेटरी दाखल्यासाठी दोन डॉक्टरांकडे जाऊन आला. दोघांनीही तपासून सांगितलं, तब्येत ठणठणीत आहे. गल्लीभर ही बातमी झाली. शेवटी दंडाच्या इशाऱ्याची चिठ्ठी दारावर लागली आणि चौदा एप्रिलच्या सकाळी तो फावडं घेऊन बाहेर आला. तिने मला आदल्या दिवशीच निरोप धाडला होता. मी पोचलो तेव्हा ती खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती. तिच्या खोलीपुढचं सात फूट गटार तिने पहाटेच घासून ठेवलं होतं. दगड दिसत होता.

“सात वाजता सुरुवात केली त्याने,” ती म्हणाली. “बस.”

काम कसं करू नये हे बघायचं असेल तर ते बघायला हवं होतं. गटार खालच्या टोकाकडून उपसायचं, म्हणजे साचलेलं पाणी निघून जातं. त्याने वरच्या टोकाकडून सुरू केलं. गाळ आधी काठावर टाकून निथळू द्यायचा, मग उचलायचा. त्याने ओलाच गाळ घमेल्यात काठोकाठ भरला, म्हणजे निम्मं पाणीच वाहत होता. कंबरेतून वाकत होता, गुडघ्यातून नाही. नवव्या घमेल्यानंतर तो दर घमेल्याला टेकायला लागला. हातमोजे बागेतले, पातळ. दहाच्या सुमारास ते फाटले. मला क्षणभर वाटलं, जाऊन निदान फावडं कसं धरायचं ते दाखवावं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बसून राहिलो. एकदा उठून गेलो होतो, तेवढं पुरे होतं.

अकरा वाजता तो रस्ता ओलांडून खिडकीपाशी आला. तिच्याशी नाही, माझ्याशी बोलला. “अहो, तुम्ही जाणकार आहात. उरलेलं करून देता का? म्हणाल ते देतो.”

ती आतूनच म्हणाली, “करून घ्यायचं नाही साहेब. करायचं. वाचता येतं ना?”

तो खिडकीचे गज धरून उभा राहिला. गजांना गाळ लागला. “मी तुमचं काय वाकडं केलं होतं?”

“अकरा मार्च.”

“कुठला अकरा मार्च?”

तो खरंच विचारत होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, त्याला काहीच आठवत नव्हतं. तिने वर्ष सांगितलं, मुलीचा फॉर्म सांगितला, बारा वाजून वीस मिनिटं सांगितली. तो म्हणाला, “असेल. बायकांना रोज काही ना काही असतंच.” आणि परत गटाराकडे गेला.

मला वाटलं, आता हिचं सगळं फुकट गेलं. मी तसं बोललोही. ती म्हणाली, “त्याला आठवावं म्हणून कोण करतंय? त्याच्या कंबरेला आठवेल.”

एक वाजून दहा मिनिटांनी त्याने शेवटचं घमेलं ओतलं आणि फाटकाच्या पायरीवर बसला. उठून आत जायला त्याला बायकोचा खांदा लागला. गटार साफ झालं होतं असं मी म्हणणार नाही. तळाला दोन बोटं गाळ तसाच होता. आमच्या मुकादमाने ते पुन्हा करायला लावलं असतं. पण नोटिशीपुरतं झालं होतं.

तिने घड्याळ पाहिलं. “सहा तास दहा मिनिटं,” म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.

मी त्या ओल आलेल्या खोलीत बघत बसलो. मुलीच्या इमारतीतली लिफ्ट, गॅलरी, खालचा दवाखाना माझ्या डोळ्यांपुढे आला. बत्तीस वर्षं चार वाजून दहा मिनिटांनी उठून जे साठलं होतं, ते सगळं हिने या सहा तास दहा मिनिटांवर लावलं.

“महाग पडले गं,” मी म्हणालो.

“हो,” ती म्हणाली. “म्हणून घासाघीस केली नाही.”