टेकडीवरून दिसणारी बाई

पांढऱ्या मातीच्या खाणीत आमच्यावर दरड पडली तेव्हा मास्तर टेकडीवरून ओरडत होते, "वरून पाहा, वरून!" तेवढं ऐकलं आणि तोंडात माती गेली. मी छातीपर्यंत गाडले गेले. शेजारी गंगू खोकत होती. यमुनेचा नुसता हात दिसत होता.

"वरून पाहा" हे त्यांचं नेहमीचंच. शहरातून आलेले चित्रकलेचे मास्तर. नवं राज्य झालं होतं, मोताळ्याकडच्या आमच्या गावी मोठे पाहुणे येणार होते. त्यांच्यासाठी मास्तरांनी गायरानात मातीची एक निजलेली बाई उभारायला घेतली. डोकं टेकडीखाली, पाय पार नाल्यापाशी. नाकावर बैल बसला असता. अंगभर पांढऱ्या मातीच्या रेघा. मास्तर तिला धरणीमाय म्हणत. आम्हाला खालून ढेकळं दिसायची.

"हिचे पाय कुठी हायेत वो मास्तर?" यमुना विचारायची.

"वरून पाहा, बाई, वरून."

"आमी काय घारी हाओ काय?"

बाया हसायच्या, तेही हसायचे. आमच्यात बसून भाकर खायचे, आमच्या पोरांची नाकं आपल्या धोतरानं पुसायचे. अशी गोड माणसं तुम्हीही पाहिली असतील.

पांढरी माती आम्ही एरवी खाणीतून दिवाळीला आणायचो, भिंती पोतारायला; आता मास्तरांच्या बाईसाठी रोज. खाण आत पोकळ होत जाते आणि वर मातीचं छत लटकतं. म्हणून एक बाई कायम बाहेर बसायची. वर भेग दिसली की तिनं हाक मारायची. दुसऱ्या कामाला तिनं हात लावायचा नाही. आमच्यात ते काम जनाआत्याचं, माझ्या आतेसासूचं.

त्या दिवशी मास्तर तिला म्हणाले, "आत्या, नुसत्या काय बसता? चला, तुम्हाला धरणीमाय दाखवतो."

"खानीत पोरी हायेत ना, मास्तर."

"हे गेलो, हे आलो."

म्हातारी भुलली. जन्मात तिला कोणी काही दाखवायला नेलं नव्हतं. टेकडीवरून तिला बाई दिसली, बाईचे पाय दिसले. मग खाणीवर उठलेली धूळ दिसली.

मास्तर धावत आले. हातांनी माती उकरली, नखं फुटली त्यांची. ते मी नाकारत नाही. यमुना निघाली ती मेलेलीच. मास्तर ढसाढसा रडले. आणि दुसऱ्या दिवशी त्याच दरडीची माती नेऊन त्यांनी आपल्या बाईचं कपाळ पांढरं केलं.

पाहुणे टेकडीवर चढले, टाळ्या वाजल्या. खाली उतरल्यावर मी मास्तरांना गाठलं.

"आन् खान? खान दाखोली का त्यायले?"

"ती वरून दिसत नाही, बाई," ते हळूच म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी थुंकले. त्यांनी पाय मागं घेतला, हार सावरला आणि मलकापूरच्या मोटारीत बसले. पुन्हा कधी आले नाहीत. त्यांची बाई गुरांच्या खुरांनी सपाट झाली. जनाआत्या मरेपर्यंत घराच्या आढ्याकडे पाहत बसायची. जेवतानाही.

खाणीत आम्ही तिघी होतो. गंगू आणि मी जगलो.