पागोळीखालचे तीन फूट

शहराच्या मध्यवस्तीचा आराखडा सुधारायला घेतला आणि नागरिकांच्या हरकती मागवल्या, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात नकाशा बघायला गेलो. भिंतीवरच्या त्या मोठ्या कागदावर आमची बाजारपेठ दोन बोटांएवढी होती. आमचं घर शोधायला वेळ लागला नाही. पुढच्या खोलीतून लाल रेघ गेली होती.

ती पुढची खोली म्हणजे वहिनींचं दुकान. माझा भाऊ गेल्यावर त्यांनी ते सुरू केलं. कोकम, आंबापोळी, फणसाचे पापड, कुळथाचं पीठ. त्यावर त्यांचं आणि पुतणीच्या शिक्षणाचं भागतं. दुकान आठ फूट खोल. रस्ता आज नऊ मीटर आहे, तो बारा करायचा, म्हणजे आपल्या फुटांत तीसचा चाळीस. दोन्हीकडून पाच-पाच फूट जाणार. आठातून पाच गेले की तीन उरतात. तीन फुटांत एक तर काउंटर मावेल, नाहीतर वहिनी.

पण रस्ता तीस फूट आहे हेच मला पटेना. रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधी मी फीत घेऊन बाहेर आलो. दुसरं टोक वहिनींनी धरलं.

"भावोजी, फीत ताणून रस्ता आखडणार आहे का?"

"तुम्ही फक्त भिंतीला टेकवून धरा."

समोरच्या गॅलरीतून काका बघत होते. सारा जन्म बोटीवर काढलेला माणूस. निवृत्तीच्या पैशातून समोर स्लॅबचं दुमजली घर बांधलेलं. "काय रे, रस्ता विकत घेतोस काय?" ते ओरडले. "घेतलास तर माझ्या दारापुढचा तेवढा सोड!"

भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर तीस फूट भरले. नकाशा करणाऱ्यांची चूक नव्हती. दिसलं ते त्यांनी मोजलं. पण आमच्या बाजूची घरं कौलारू. कौलांवरचं पाणी जिथे पडतं ती पागोळीखालची पट्टी, भिंतीपासून तीन फूट, घराच्या मालकीची. तिथे आमच्या वडिलांनी कधी कुंपण घातलं नाही, शेजाऱ्यांनीही नाही. पावसाळ्यात येणारा-जाणारा तेवढ्यातून कोरडा जायचा. रस्त्याचं काँक्रीट झालं तेव्हा ठेकेदाराने विचारलं, भिंतीपर्यंत आणू का? सगळे हो म्हणाले. भिंतीवर चिखल उडणार नव्हता, मग कोण नको म्हणेल? आता ती पट्टी रस्त्यात मोजली गेली होती.

पट्टी आमची धरली तर खरा रस्ता सत्तावीस फूट. मग त्याचा मध्य दीड फूट पलीकडे सरकतो आणि आमच्या भिंतीच्या आत पाचाऐवजी साडेतीनच फूट जातात. दुकान साडेचार फूट उरतं. अडचणीचं, पण दुकान.

हिशेब दोनदा तपासला आणि मग बरं वाटेनासं झालं. आमचे वाचलेले दीड फूट समोरून जाणार होते. काकांकडे पागोळी नाही, त्यांचं घर सरळ रस्त्याच्या कडेवर उभं. त्यांचे साडेसहा जाणार.

मी काकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला आतलं माप घेऊ दिलं. जिना पुढच्या भिंतीपासून सहा फुटांवर सुरू होत होता. पाच गेले तर जिना वाचतो, साडेसहा गेले तर खालच्या पायऱ्या जातात. काकू गुडघ्यांमुळे वरून खाली क्वचितच उतरायच्या. त्यांनी वरूनच विचारलं, "कोण आलंय हो?"

"समोरचा. आपला जिना मोजतोय."

"चहा घेऊन जा म्हणावं."

चहा पिताना काका म्हणाले, "तू आपणहून येऊन सांगितलंस, दुसरा आला नसता." एवढंच म्हणाले.

हरकतीत मी पट्टीचं लिहून दिलं होतं. सुनावणीला वहिनी, काका आणि मी एकाच रिक्षाने गेलो. टेबलामागे तीन जण होते. मधले गृहस्थ सौम्य बोलायचे. मी पट्टीचं सांगितलं, फोटो दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे रस्त्याची मध्यरेषा पलीकडे सरकवा, अशी तुमची मागणी आहे?"

"माझं म्हणणं, इथे रस्ता रुंदच करू नका. एकेरी वाहतूक केली तरी पुरेल."

"ते तुमच्या हरकतीत नाही. हरकतीत पट्टी आहे. मध्यरेषा सरकवायची का? हो की नाही, तेवढं सांगा."

मागच्या खुर्चीवर काका बसले होते. मी वळून बघितलं नाही. माझं माप खरं होतं आणि तोंडातून हो येत नव्हतं.

"नको," वहिनी म्हणाल्या. "दुकान माझं आहे. लिहा, नको."

मी त्यांच्याकडे वळलो. त्या हळू म्हणाल्या, "रोज शटर उघडलं की समोर त्यांचंच दार दिसतं, भावोजी."

मागणीचा आग्रह नाही, असं लिहिलं गेलं. दोघांनी सह्या केल्या. मग काकांना बोलावलं.

काका उभे राहिले, खाकरले. "आमच्या बाजूची बांधकामं पक्की आहेत, नवी आहेत. समोरची घरं कौलारू, जुनी. पाडायला सोपी. तेव्हा रुंदीकरण सगळं त्या बाजूने घ्यावं, अशी माझी विनंती आहे."

सगळं म्हणजे दहा फूट. दुकान आठच फूट होतं.

वहिनी ताडकन उठल्या. "साहेब, मग आमचं ते 'नको' खोडून टाका. आमची मागणी आहे."

"बाई, तुमची सुनावणी झाली." ते अजूनही सौम्यच होते. "समिती सगळ्याचा विचार करेल."

बाहेर काका आमच्यासाठी थांबले होते. "आमच्या मुलाने हरकत लिहून पाठवली होती, सूनबाई. महिना झाला. तेच बोललो."

"परवा चहा पिताना सांगायचं होतं," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू माझ्या जिन्याचं माप घेतलं असतंस?"

घेतलं असतं, असं आज वाटतं. पण मग वहिनी नको म्हणाल्या असत्या का, ते सांगता येत नाही. त्या वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही रिक्षा घ्या. आम्ही चालत येतो."

अंतिम आराखडा अजून यायचा आहे. लेखी म्हणणं पुन्हा दिलं. पोच मिळाली, बाकी काही नाही. माझं माप कुठे चुकलं नव्हतं, हे मी अजून स्वतःला सांगतो आणि त्याने काहीच होत नाही. काका दुकानावरून जाताना पलीकडच्या कडेने जातात. काकूंची आंबापोळी न्यायला आता मोलकरीण येते. वहिनी तिला पूर्वीसारखंच निवडून, वरचा सुकलेला तुकडा बाजूला काढून देतात.

गेल्या आठवड्यात पावस गावाहून कोकम घालणारा आला. पोती उतरवायच्या आधी त्याने नेहमीसारखं विचारलं, "ताई, तेवढंच ना?"

वहिनींनी दाराच्या चौकटीकडे एकदा बघितलं. "या खेपेला निम्मंच टाक," त्या म्हणाल्या.