एकोणिसाव्या वर्षी मिळालेली आरामखुर्ची

बबनकाका गेले. आज पहाटे, भोसरीत, झोपेतच.

मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी रिटायर करणारा माणूस.

थट्टा नाही करत. सांगते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही पिंपरीत चाळीत राहायचो. माझे बाबा आणि बबनकाका एकाच कंपनीत, एकाच मशीन शॉपमध्ये. काका भोसरीच्या जुन्या घरातले. रोज सकाळी गेटवर बाबांना खणखणीत "जय भीम" घालायचे आणि मगच कार्ड पंच करायचे.

बाबा कामापुरतं बोलणारे. काका म्हणजे अख्ख्या डिपार्टमेंटचा लाउडस्पीकर. कुणी रिटायर झालं की भाषण काकांचंच. पाठ होतं त्यांचं.

मी एस.वाय. बी.एस्सी.ला होते. केमिस्ट्री. प्रॅक्टिकलला नायट्रिक ॲसिडने बोटं पिवळी व्हायची. आई म्हणायची, "लोकांच्या मुली लग्नात हात पिवळे करतात, आमची रोज करून येते."

त्या वर्षी मला रशियाची स्कॉलरशिप मिळाली.

मी हो म्हणायच्या आत बाबांनी कंपनीत पेढे वाटले.

मग आम्ही कागद नीट वाचला. आधी वर्षभर रशियन भाषा. मग पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. आणि विषय त्यांनीच ठरवलेला, शेतीची यंत्रं.

"केमिस्ट्री नाहीये यात, बाबा."

"विषयाचं काय घेऊन बसलीस? परदेश आहे तो! आपल्या घरात कुणी विमान जवळून पाहिलंय का?"

खरं होतं. माझे बाबा शाळेत वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकलेले. त्यांना तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती.

पण ट्रॅक्टर!

टायट्रेशन करताना एका थेंबाने सगळा रंग पालटतो ना, त्या थेंबावर माझा जीव जडला होता. मला तेच शिकायचं होतं.

मी गप्प राहिले. आमच्या घरात गप्प म्हणजे हो, असं धरलं जायचं.

तेवढ्यात काकांनी सेंड-ऑफ ठरवूनही टाकला.

आता गंमत अशी, की त्या डिपार्टमेंटला सेंड-ऑफ एकाच प्रकारचा माहीत होता. रिटायरमेंटचा. फेटा, शाल, नारळ, आरामखुर्ची आणि कंपनीच्या गेटपासून घरापर्यंत बँड लावून मिरवणूक. परदेशी शिकायला जाणाऱ्या पोरीला काय देतात, हे त्यांना कोण सांगणार?

तेच दिलं.

फर्स्ट शिफ्ट सुटली. गेटबाहेर सायकल स्टँडपाशी सगळे जमले. मला फेटा बांधला. काका बोलायला उभे राहिले आणि सवयीने गाडी रुळावरून सुसाट सुटली.

"...आणि यांचं उर्वरित आयुष्य नातवंडांच्या सहवासात सुखासमाधानात जावो!"

हशा पिकला. काकांनी जीभ चावली. मीही हसले.

हसता हसता माझ्या लक्षात आलं. माझ्या उर्वरित आयुष्याचं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. विचारायचं राहिलं होतं ते मलाच.

मग मला दोन शब्द बोलायला उभं केलं.

"मी जाणार नाही," मी म्हणाले. "मला केमिस्ट्री शिकायचीय. बी.एस्सी. इथंच पूर्ण करणार, मग एम.एस्सी. करणार."

मागून एकजण पुटपुटला, "लक्ष्मी टिळा लावायला आली आन् ही निघाली तोंड धुवायला."

बाबांची मान खाली गेली होती. पेढे त्यांनीच वाटले होते ना. मला रडू फुटत होतं, पण शब्द मागे घ्यायचा नव्हता.

काका माझ्यासमोर आले.

"पोरी, नक्की?"

"नक्की."

"उंद्या समदं गाव हसलं तरी?"

"तरी."

ते वळले आणि ओरडले, "ए बँडवाले, झोपला का काय? वाजवा की! पोरगी शिकाय चाललीया, सेंड-ऑफ हुनार म्हंजी हुनार!"

आणि झाला.

पुढे बँड, मग दोघांच्या खांद्यावर आरामखुर्ची, मग फेटा घातलेली मी. दुकानातली माणसं बाहेर येऊन विचारत होती, "पोरगी कुठं चालली, राव?"

"कालिजात!" काका प्रत्येकाला सांगत होते. "उंद्या सकाळी!"

मागे बाबा होते. सायकल हातात धरून, कुणाशी न बोलता. पण घरापर्यंत आले.

दिवाळीपर्यंत ते माझ्याशी धड बोलले नाहीत. खुर्ची घडी करून दाराआड उभी होती. तिच्यावर कुणी बसलं नाही.

माझा एम.एस्सी.चा रिझल्ट लागला त्या संध्याकाळी बाबा शिफ्टवरून आले, खुर्ची उघडली, टेकले आणि आईला म्हणाले, "चहा टाक. आणि त्या बबनला निरोप धाड, म्हणावं ये."

रशिया मी आजपर्यंत पाहिलेला नाही. नातेवाईक अजून हळहळतात. मलाही कधीकधी चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू? पण जन्मभर केमिस्ट्री शिकवली, आणि पुन्हा त्या सायकल स्टँडपाशी उभं केलंत तर पुन्हा तेच बोलेन.

"मॅडम, बाहेर जाऊ की नको?" असं विचारायला मुलं अजून घरी येतात. मी सल्ला देत नाही. काकांचा प्रश्न विचारते. "नक्की?" जो नजर न चुकवता हो म्हणतो, त्याला खुशाल जा म्हणते. किंवा खुशाल राहा म्हणते.

काका, आज तुमच्या मागून मीही चालत आले. बँड नव्हता. फार शांत होतं सगळं. तुम्हाला नसतं आवडलं.

भाषण मात्र मी मनातल्या मनात केलं. तुमचंच, थोडं बदलून.

उर्वरित आयुष्याचं आमचं आम्ही बघतो. तुम्ही निवांत जा.

जय भीम, काका.